मागचं दार उघडतं का?



आजचा विषय सणासुदीचा नाही, पण सणासुदीलाच त्याची आठवण सर्वांत जास्त ठेवायला हवी. दुकान, रेस्टॉरंट, दवाखाना, नर्सरी, ऑफिस किंवा भाड्यानं घेतलेला हॉल, अशा जागी आग लागू नये, आणि लागलीच तर सगळी माणसं सुखरूप बाहेर पडावीत, यासाठी काय करायचं, त्याबद्दल आज बोलू. इंग्लंडमध्ये आपल्यातल्या अनेक कुटुंबांचा स्वतःचा व्यवसाय आहे. ज्यांचा नाही, तेही मंडळाच्या कार्यक्रमांना कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये जमतातच.

इमारतींची आगीच्या दृष्टीनं तपासणी करणं हे माझं रोजचं काम. लोक पहिला प्रश्न विचारतात, "आग विझवायचे सिलिंडर किती लावू?" मी म्हणतो, "ते नंतर बघू. आधी मागचं दार उघडून दाखवा." मग किल्ली शोधायला सुरुवात होते. तांदळाची पोती सरकवली जातात.

दाराचा एवढा आग्रह का? या देशाचाच इतिहास बघा. १६ जून १८८३ रोजी सुंदरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ होता. शेवटी रंगमंचावरून भेटवस्तू वाटायला लागले, आणि गॅलरीतली मुलं जिन्यानं खाली धावली. जिन्याच्या तळाचं दार आत उघडणारं होतं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढंच फटीसारखं ठेवून त्याला बोल्ट लावलेला होता. १८३ मुलं चेंगरून गेली. आग लागलीच नव्हती, मंडळी. नुसत्या दारानं एवढी मुलं नेली. पुढे १८९२ साली रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी नुसत्या अंगाच्या दाबानं उघडणाऱ्या कडीचं पेटंट घेतलं. सिनेमागृहाच्या दारावरचा तो आडवा दांडा आपण ढकलतो ना, तो त्याच वंशातला.

पुढचं उदाहरण ब्रॅडफर्डचं. ११ मे १९८५, फुटबॉलचा सामना. लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षांचा कचरा साचलेला होता. तो पेटला, आणि चार-पाच मिनिटांत अख्खा स्टँड ज्वाळांत गेला. पुढे मैदानात उतरलेली माणसं वाचली. जी मागे, आल्या वाटेनं परत पळाली, त्यांतल्या अनेकांना फाटकं बंद सापडली. ५६ जण गेले. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. माणूस घाबरला की ज्या वाटेनं आला त्याच वाटेकडे धावतो. आणि आगीला मिनिटं पुरतात.

मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात ८ मे १९७९ रोजी फर्निचर विभागात आग लागली. सोफ्यांमधल्या फोमचा काळा विषारी धूर बघता बघता मजलाभर पसरला आणि १० जण दगावले. त्याच मजल्यावर रेस्टॉरंट होतं. जेवणाचे पैसे दिलेत म्हणून काही गिऱ्हाइकं उठायला तयार नव्हती. हे ऐकून हसू नका. उद्या आपल्या रेस्टॉरंटमध्ये अलार्म वाजला, तर बिल देऊन झालेलं टेबल चटकन उठेल का?

आणि मुंबईतली २९ डिसेंबर २०१७ ची, मध्यरात्रीनंतरची कमला मिल आवारातली आग आपण विसरलेलो नाही. गच्चीवरचं रेस्टॉरंट, १४ मृत्यू. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले, धुरानं गुदमरलेले. बाहेरची वाट मिळाली नाही की माणूस मिळेल त्या आडोशाला जातो.

आता कायद्याचं थोडक्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ चा फायर सेफ्टी ऑर्डर लागू आहे. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. या कायद्यानं प्रत्येक जागेला एक जबाबदार व्यक्ती असते, आणि दुकान तुम्ही चालवत असाल तर बहुधा ती व्यक्ती तुम्हीच. जागा भाड्याची आहे, मालक बघून घेईल, असं म्हणून सुटका होत नाही. जितका भाग तुमच्या ताब्यात, तितकी जबाबदारी तुमची. धोक्यांची पाहणी, म्हणजे फायर रिस्क असेसमेंट, करावीच लागते. पूर्वी पाचपेक्षा कमी नोकर असले तर ती लिहून ठेवण्यातून सूट होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती सूट गेली. दोघांनी चालवलेलं दुकान असलं तरी पाहणी पूर्ण लिहून ठेवायची. गंभीर हयगय झाली तर अमर्याद दंड आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

पण ही पाहणी म्हणजे फाइलमधला कागद नव्हे. त्यात पाच प्रश्न असतात. आग कशानं लागू शकते? त्या वेळी आत कोण असेल? धोका कमी कसा करता येईल? ठरलेलं लिहिलंय का आणि नोकरांना शिकवलंय का? आणि ते पुन्हा कधी तपासणार? दुकानाची मांडणी बदलली, नवा तंदूर आला, माळ्यावर माल वाढला, की पाहणी पुन्हा.

रेस्टॉरंटवाल्यांसाठी दोन शब्द जास्त. तळणीच्या तेलाला आग लागली तर पाणी कधीही टाकू नका. तेल उसळून भडका छतापर्यंत जातो. तेलासाठी पिवळ्या पट्ट्याचा वेट केमिकल सिलिंडर असतो, विजेच्या आगीसाठी काळ्या पट्ट्याचा कार्बन डायऑक्साइडचा. आग लहान असेल, शिकलेला माणूस हजर असेल आणि त्याच्या पाठीशी बाहेरची वाट मोकळी असेल, तरच विझवायला जावं. धूर ओढणाऱ्या डक्टच्या आत साचलेलं तूप-तेल ठरल्या वेळी साफ करून घ्या. बाहेरून जाळी चकचकीत दिसते, खरा धोका आत असतो. आणि डिलिव्हरीच्या मुलांच्या इलेक्ट्रिक सायकली बाहेर पडायच्या वाटेत चार्जिंगला लावू देऊ नका. लिथियम बॅटरी पेटली तर वाटच बंद होते.

बाकीची कामं फार खर्चाची नाहीत. अलार्म दर आठवड्याला वाजवून बघायचा, दर वेळी वेगळं बटण दाबून. आणीबाणीचे दिवे महिन्यातून एकदा तपासायचे. सिलिंडरची सर्व्हिस वर्षातून एकदा. आपोआप मिटणाऱ्या फायर डोअरला पाचर मारून ठेवायचं नाही. ते दार मिटलेलं असेल तर साधारण अर्धा तास आग आणि धूर अडवतं, उघडं असेल तर एक मिनिटही नाही. वर्षातून निदान एकदा सगळ्यांना बाहेर काढून सराव करायचा. ९९९ ला फोन कोण करणार, स्वच्छतागृह कोण बघणार, बाहेर कुठे जमायचं आणि डोकी कोण मोजणार, हे आधीच ठरलेलं हवं. आणि नोकरांना एक गोष्ट पक्की सांगा. अलार्म वाजल्यावर शेठना फोन करून विचारायचं नाही, आधी माणसं बाहेर काढायची.

दुकानाच्या वर कोणी झोपत असेल, मग ते तुमचं कुटुंब असो की स्वयंपाकी, तर ही गोष्ट सर्वांत गंभीर आहे. झोपेतल्या माणसाला धुराचा वास येत नाही. खालचा अलार्म वर ऐकू गेलाच पाहिजे, आणि जिना किचनमधून जात असेल तर जाणकाराला बोलावून दुसऱ्या वाटेचा विचार आजच करा.

शेवटी आपल्या मंडळांबद्दल. गणपतीचं मखर कुठे लावतो आपण? हॉलमधल्या मोकळ्या भिंतीला. बऱ्याचदा ती भिंत मोकळी असते, कारण तिथे बाहेर पडायचं दार असतं! थर्माकोल, कापड आणि कागद त्या दारापाशी, समोर समई, आणि दाराच्या हँडलला पताकांची दोरी. मखर चार पावलं सरकवलं तर बाप्पा रागावणार नाहीत. हॉलला जेवढी माणसं परवानगीत आहेत तेवढीच तिकिटं विका. नाटक सुरू होण्यापूर्वी सूचना मराठीत द्या, कारण पहिल्या रांगेत भारतातून आलेले आई-बाबा बसलेले असतात, आणि दारावरच्या हिरव्या पाटीचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो. चाकाच्या खुर्चीवर कोणी असेल तर त्यांच्याबरोबर कोण बाहेर पडणार, हेही आधीच ठरवा. आगीत लिफ्ट वापरायची नसते.

आता एक छोटं काम. आज रात्री दुकान बंद कराल तेव्हा पुढच्या दारानं नका निघू. आतले दिवे मालवा, आणि मागच्या दारानं बाहेर या. पायाला काय लागतं, किल्ली लागते का, दार उघडून पुढे रस्ता मिळतो की कचऱ्याचे डबे, ते बघा. जे अडलं ते उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी दूर करा. आत बसलेली माणसं तुमच्या भरवशावर बसलेली असतात.