मदत पुराआधी हवी



अंबा नदी पाली, नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते. जुलै १९८९ मध्ये तिच्या पुराने जांभूळपाड्यात केलेला हाहाकार अनेकांना आठवत असेल.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडी भरलेली असते. त्याच वेळी घाटात मुसळधार झाली, तर नदीच्या पाण्याला वाट मिळत नाही. ते काठच्या वाड्यांत शिरते. उधाणाची तिथी आपल्या कातकरी भावंडांना आपल्यापेक्षा चांगली कळते. घाटातल्या पावसाची खबर मात्र वेळेत पोहोचत नाही.

वीटभट्टीवरून ही कुटुंबे पावसाच्या तोंडावर परततात. घर शाकारायलाही सवड नसते. रेशनकार्ड, जातीचा दाखला पुरात गेला की पुढे किती हेलपाटे पडतात, ते मी पाहिले आहे.

म्हणून विनंती करतो, पुरानंतर कपडे पाठवण्याआधी जूनमध्येच प्रत्येक घरी कागदपत्रांसाठी प्लास्टिकची पिशवी आणि बॅटरी पोहोचवू या. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ क्रमांक तोंडपाठ करून घेऊ या. पाली-नागोठण्यात पाणी चढताच वाडीत फोन कोण करणार, म्हाताऱ्यांना उंचावर कोण नेणार, हे कोरड्या दिवसांतच ठरवू या.