माशाचं नाक

माशालाही नाक असतं बरं का! त्यानं तो श्वास घेत नाही, फक्त वास घेतो. भारतातल्या ओढ्यांत बोटाएवढा झेब्राफिश असतो. वास ओळखणाऱ्या जनुकांच्या एका घराण्यातली शंभरावर जनुकं त्याच्यात आहेत. आपल्यात फक्त ६! एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या, एक हळूहळू बदलली, नवा वास कळू लागला. असं लाखो वर्षं चाललं. त्यातलं एक जनुक कुजक्या मांसाचा वास ओळखतं. मासा लगेच दूर पळतो.

अमेरिकेत सामन माशांवर पाहिलंय, पाण्यात थोडं तांबं उतरलं तरी हे नाक बधिर होतं. धोका कळत नाही, मोठा मासा सहज गिळतो. मोरचुदात तांबंच असतं. फवारणीचा पंप ओढ्यात धुतात ना घरचे? आज सांगा त्यांना, ओढ्यापासून लांब धुवा.