कुंपणापाशी बसणाऱ्यांचं काय करायचं?

(प्रभागसंघाच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या ताईंना बैठकीला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा.)



आज परसबागेवर बोलायचं ठरलं आहे. पण बी कुठलं घ्यायचं, गांडूळखत कसं करायचं, हे आज नाही. ते आपण आता एकमेकींना शिकवू शकतो. आज बोलायचं आहे ते बागेच्या कुंपणापाशी काय चालतं त्यावर.

गावोगावच्या बैठकांत एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. घरामागं दोन-तीन गुंठ्यांची बाग असते. मेथी, वांगी, शेवगा, कुंपणावर दोडक्याचा वेल. संध्याकाळ झाली की कुंपणाच्या पलीकडं चार पोरं येऊन बसतात. दारू पितात, रिकाम्या बाटल्या आत फेकतात. मोबाईलवर मोठ्यानं गाणी, तोंडात शिव्या. शेवग्याची फांदी मोडतात, भोपळा उचलून नेतात. बाई पाणी घालायला गेली की खाकरतात, शिट्टी मारतात. पोरगी न्हाणीकडं निघाली की मुद्दाम तिकडं तोंड करून बसतात.

मग घरात काय होतं? सासूबाई म्हणतात, "दिवेलागणीनंतर मागं जाऊ नको." मालक म्हणतात, "कशाला वाद घालायचा, बाग बंद कर." बाई हळूहळू तिकडं जायची थांबते. दोन महिन्यांत बागेत गवत वाढतं आणि भाजी परत बाजारातून यायला लागते. पोरीला न्हाणीकडं जातानासुद्धा आईला सोबत घ्यावं लागतं. त्या पोरांनी कुंपण ओलांडलेलं नसतं, पण आपली जागा त्यांच्या ताब्यात गेलेली असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: बाग सोडायची नाही आणि एकटीनं भांडायचंही नाही. हे काम गटानं करायचं. ते कसं, ते सांगते.

पहिलं, जागा नीट बघा. पोरं तिथंच का बसतात? बहुतेक वेळा तीनच कारणं असतात. तिथं अंधार असतो, बसायला दगड किंवा पडकी भिंत असते, आणि तिथं बसलेलं रस्त्यावरून कुणाला दिसत नाही. या तिन्ही गोष्टी आपल्याला बदलता येतात. दगड हलवा. पडक्या भिंतीशी काट्या रचा. रस्त्याच्या बाजूचं कुंपण छातीपेक्षा उंच वाढू देऊ नका. गर्द उंच कुंपणामागं लपायला सोपं जातं आणि आपल्यालाही पलीकडचं दिसत नाही. न्हाणीच्या बाजूला मात्र उलट करायचं. तिथं तट्ट्याचा, पत्र्याचा किंवा दाट मेंदीचा पक्का आडोसा हवा.

जिथून आत शिरतात तिथं करवंद, सागरगोटा किंवा घायपात लावा. काट्याचं कुंपण दोन-तीन पावसाळ्यांत धरतं, तोवर बाभळीच्या काट्या चालतात. शेराचं कुंपण मात्र नको. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो आणि आपली लेकरं तिथंच खेळतात. शेवगा कुंपणाला चिकटून लावू नका, चार हात आत लावा. त्याची फांदी ठिसूळ असते, नुसती ओढली तरी मोडते.

एक गोष्ट हात जोडून सांगते. कुंपणाच्या तारेत घरची लाईट सोडायची नाही. "एकदा झटका बसला की येणार नाहीत," असं सांगणारे भेटतील. अशा तारेला चिकटून माणसं मेली आहेत, जनावरं मेली आहेत. त्यात शेजारचं लेकरू सापडू शकतं, आपलं स्वतःचंही सापडू शकतं. माणूस मेला तर गुन्हा आपल्यावर दाखल होतो. तोच नियम भिंतीवर काचा लावण्याला आणि दारात कोयता घेऊन उभं राहण्याला. त्यानं आपली बाजू कमजोर होते.

दुसरं, दिवा. घरपट्टीच्या पावतीत दिवाबत्ती कर असतो, तो आपण भरतो. म्हणून रस्त्याच्या कडेला दिवा मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. कोणत्या खांबावर दिवा नाही, तो कोणाच्या घराजवळ आहे, हे लिहा. अर्जाच्या दोन प्रती करा, एक आत द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ही कायद्यातली तरतूद आहे. त्या सभेत हा विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. पंधरा-वीस जणींनी एकत्र मांडलेला विषय ग्रामसभेत बाजूला सारणं अवघड जातं.

तिसरं, नोंद. आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय आहे? नियमित नोंदी. गटाचं दप्तर आपण रुपयापैशानं लिहितो, मग याची नोंद का नाही? एक साधी वही घ्या. तारीख, वेळ, काय घडलं, नुकसान काय झालं, कोणी पाहिलं, एवढंच लिहायचं. असं:

"मंगळवार, संध्याकाळी साडेसात. कुंपणाच्या पूर्वेला चौघे बसले होते. दोन बाटल्या आत टाकल्या, एक फुटली. भोपळ्याचा वेल ओढला, तीन भोपळे गेले. शेजारच्या काकूंनी पाहिलं."

"रोज त्रास देतात" असं लिहिलं तर कोणी विचारत नाही. "महिन्यात नऊ वेळा, या या तारखांना" असं लिहिलं की समोरच्याला ऐकावं लागतं. फुटलेल्या बाटल्यांचा, मोडलेल्या फांदीचा फोटो काढा. नुकसानीचा फोटो काढायला सकाळ बरी. रात्री पोरांच्या तोंडावर मोबाईल धरायला एकटीनं जाऊ नका. आणि कुठलाही फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथं टाकला की मूळ तक्रार बाजूला राहते आणि नवं भांडण उभं राहतं.

वहीत वागणं लिहा. माणूस ओळखीचा असेल तर नाव लिहा, पण "त्या वस्तीतली पोरं", "त्या समाजाची पोरं" असं लिहायचं नाही आणि बोलायचंही नाही. चौघांच्या वागण्यासाठी चाळीस घरांना दोष दिला की गावात दोन तट पडतात. त्या चाळीस घरांतही आपल्याच गटाच्या बाया राहतात.

चौथं, हद्द. भांडण पेटलं की पहिला प्रश्न येतो, "ही जागा तुझी कशावरून?" म्हणून कागद हाताशी असू द्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली, तिच्यात ड्रोननं गावठाणाची मोजणी करतात आणि मिळकत पत्रिका देतात. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर ती पत्रिका घ्या. कुंपण आपल्याच हद्दीत हवं. ते रस्त्यात हातभर गेलं असेल तर आधी मागं घ्या, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. कुंपणापाशी बसणारी पोरं कोणाची असतात? परगावची नसतात. कुणी पुतण्या असतो, कुणी भाचा, आणि कधी कधी आपल्याच गटातल्या ताईचा मुलगा. बैठकीत ती समोर बसलेली असते, त्यामुळं कोणी तोंड उघडत नाही. जिला त्रास होतो ती गप्प, आणि जिचा मुलगा आहे तिला सगळं ठाऊक असून तीही गप्प. असं चाललं की गट आतून तुटतो. आधी बैठकीला येणं कमी होतं, मग हप्ता लांबतो, आणि कारण कोणीच सांगत नाही.

म्हणून हे भरल्या बैठकीत काढू नका. आधी दोघी-तिघींनी तिच्या घरी जायचं. त्यातली एक तिच्या जवळची असावी. बोलायचं ते असं:

"आक्का, आम्ही भांडायला आलो नाही. संध्याकाळी मागल्या कुंपणाशी चौघे बसतात, त्यात आपला बाळूपण असतो. बाटल्या आत येतात, पोरीला मागं जाता येत नाही. तू त्याला सांग. तुझं ऐकत नसेल तर ते पण आम्हाला सांग, आपण मिळून बघू."

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. बऱ्याच घरांत मुलगा आईचं ऐकत नाही, उलट पिऊन आला की तिलाच मारतो. ती पण त्रासातच असते. तिला "तूच पोराला बिघडवलंस" म्हणालात तर ती तुमच्यापासून कायमची तुटेल. मुलाच्या वागण्यावरून तिचं कर्ज अडवायचं नाही, तिला गटातून काढायची भाषा करायची नाही. आणि ज्या ताईचा मुलगा असेल तिलाही माझं सांगणं आहे: बाया तुमच्या दारात आल्या तर राग धरू नका. त्या पोलिसांकडं जायच्या आधी तुमच्याकडं आल्यात.

सांगूनही थांबलं नाही तर पुढची पायरी. पोलीस पाटलांना वही दाखवा. गावात तंटामुक्ती समिती असेल तर तिथं अर्ज द्या. ही मोहीम आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली, गावातली छोटी भांडणं गावातच मिटावीत हा तिचा हेतू. पोरांना बोलावून, पालकांसमोर, यापुढं तिथं बसणार नाही असं लिहून घेता येतं. बऱ्याच ठिकाणी विषय इथंच संपतो.

पण काही गोष्टी तडजोडीत बसवायच्या नाहीत, हे नीट ध्यानात घ्या. न्हाणीत चोरून बघणं, मोबाईलवर चित्रण करणं, अंगावर हात टाकणं, पोरीचा सारखा पाठलाग करणं हे गुन्हे आहेत. "गावाची अब्रू जाईल, मिटवून घ्या" असं कोणी म्हटलं तरी मिटवायचं नाही. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांच्या आतला असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. त्यात माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. त्यातली चार कलमं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बाईची लाज काढणारे शब्द आणि हावभाव, कलम ७९. चोरून बघणं आणि चित्रण, कलम ७७. पाठलाग, कलम ७८. त्रास देण्याच्या इराद्यानं आपल्या जागेत शिरणं, कलम ३२९. दारू पिऊन सार्वजनिक जागी उपद्रव करण्यालाही शिक्षा आहे. कलमं पाठ नसली तरी चालेल. तक्रार देताना काय घडलं ते सरळ आपल्या भाषेत सांगा, कलम लावणं हे पोलिसांचं काम आहे.

ठाण्यात एकटी जाऊ नका, तिघी-चौघी जा. तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घ्यायचं असतं आणि वाचून दाखवायचं असतं. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. छेडछाडीसारख्या गुन्ह्यांत बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते. गुन्हा नोंदला की त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. गुन्हा अदखलपात्र आहे असं सांगितलं तरी त्याची नोंद होते, तिचाही नंबर घ्या. दखल घेण्यासारखा गुन्हा असूनही नोंदवला नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवता येते. वकील लागला तर बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मदत मिळते. आणि त्याच क्षणी जीव धोक्यात असेल, कोणी आत शिरलं असेल, तर वही-बिही बाजूला ठेवा, दार आतून लावा आणि ११२ ला फोन करा. महिला मदतीसाठी १८१ नंबर आहे. दोन्ही नंबर घरातल्या पोरींना पाठ करायला लावा.

शेवटी एक सवय सांगते, तिला पैसा लागत नाही. दिवेलागणीच्या वेळी पाच-सहा जणींनी मिळून बागांना पाणी घालायचं. आज हिच्या बागेत, उद्या तिच्या. पाणी घालता घालता गप्पा मारायच्या, मोठ्यानं हसायचं, ओळखीचं पोरगं दिसलं तर नावानं हाक मारायची: "काय रे, आई बरी आहे का?" नावानं हाक आली की बऱ्याच पोरांना तिथं बसून पिणं जमत नाही. आणि न जमणारे जे एक-दोन उरतील, त्यांच्यासाठी वही आहेच.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढंच विचारा: "कुंपणापाशी कोणाला त्रास आहे का?" विचारलं की जरा थांबा. पहिल्या मिनिटाला कोणी बोलणार नाही. दुसऱ्या मिनिटाला एखादी बोलेल. ती जे सांगेल ते वहीत उतरवा, दिव्याचा अर्ज त्याच दिवशी लिहा, आणि तिच्या घरी संध्याकाळी कोण कोण जाणार ती नावं ठरवूनच बैठक संपवा.