फोनात शिरणारं हत्यार सरकार कसं पारखतं
(मेळाव्यातलं भाषण)



बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, मगच पैसे मोजतो. फोनात शिरणारं सॉफ्टवेअर घेताना सरकारी यंत्रणाही तेच करतात. आज आपण अमेरिकेचं बघू, कारण तिथले कागद बाहेर आलेत.

इस्रायलमध्ये एनएसओ ही खासगी कंपनी आहे. तिचं पेगासस फोनात शिरलं की मेसेज, फोटो, बोलणं सगळं दुसऱ्याच्या हाती. लिंक दाबायचीही गरज नाय. कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. विकायला तिथल्या संरक्षण खात्याची परवानगी लागते, बंदुकीसारखीच.

अमेरिकेच्या एफबीआयनं २०१९ मध्ये ते घेतलं. न्यू जर्सीतल्या एका इमारतीत परदेशी सिमकार्डाचे फोन आणले आणि त्या स्वतःच्याच फोनांवर हल्ला करून बघितला. परदेशी का? तर पेगासस अमेरिकेच्या नंबरवर चालत नव्हतं, कंपनीनं तसंच बांधलेलं. मग कंपनीनं दुसरं दाखवलं, 'फँटम'. ते अमेरिकी नंबरही फोडायचं. त्यावर सरकारी वकिलांचा दोन वर्षं खल चालला, सुमारे ५० लाख डॉलर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये ठरलं, वापरायचं नाही.

एफबीआय म्हणाली, आम्ही नुसतं तपासून बघत होतो. पण 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तिथल्या माहितीच्या कायद्याखाली कोर्टात जाऊन कागद काढले. वापरायची तयारी बरीच पुढं गेली होती. खटल्यात हे कसं उघड करायचं, याच्या सूचनाही सरकारी वकिलांसाठी लिहून झालेल्या.

आता आपल्याकडं. २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपनं जगभरच्या सुमारे १,४०० फोनांवर पेगाससचा हल्ला झाल्याचं सांगितलं. त्यात छत्तीसगडमध्ये आदिवासींच्या बाजूनं उभे राहणारे काही जण होते, भीमा-कोरेगाव खटल्यातले वकील होते. सुप्रीम कोर्टानं समिती नेमली. २९ फोन तपासले, ५ फोनांत काहीतरी घातक सापडलं, ते पेगाससच का हे ठरलं नाही. केंद्र सरकारनं सहकार्य केलं नाही, असं कोर्टातच सांगितलं गेलं. घेतलं की नाही, एवढंही सरकार बोलत नाय!

आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नं आयबी आणि रॉ यांना वगळलंय. पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपाची माहिती त्यांच्याकडूनही मागता येते; हक्कभंगाच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते. तो अर्ज आपण लिहायला घेतलाय. आणि दाव्यांचे नकाशे, ग्रामसभेचे ठराव नुसते फोनात ठेवू नका. कागदावरची एक प्रत वनहक्क समितीच्या पेटीत राहू द्या.