फास्टर फेणेचे भा. रा.
(रौप्यमहोत्सवी वर्षातील बालमेळाव्यात केलेले भाषण)



आज मी भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजे आपल्या भा. रां.विषयी बोलणार आहे. फक्त दहा मिनिटं. त्यानंतर बटाटेवडे आहेत, हे मला ठाऊक आहे!

भा. रां.चा जन्म १९१० सालचा, इंदूरचा. १९५१ मध्ये त्यांनी 'बालमित्र' हे मुलांचं मासिक काढलं. पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठी लिहिणाऱ्या. २००१ मध्ये भा. रा. गेले, पण त्यांचा पोरगा मात्र अजून शाळेतच आहे. तो पोरगा म्हणजे बनेश फेणे, अर्थात फास्टर फेणे!

हा हडपसरच्या पुढच्या फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगानं काडीपैलवान. सायकलवर टांग मारली की संकटाच्या दिशेनंच निघणार. डोक्यात काही चमकलं की तोंडानं आवाज काढणार, 'ट्टॉक्!' चक्रीवादळ म्हणू नका, प्रतापगड म्हणू नका, काश्मीर म्हणू नका, सगळीकडे हा हजर.

गंमत अशी, की भा. रा. उपदेश करत नाहीत. 'मुलांनो, शूर व्हा' असं म्हणत बसत नाहीत. हा किडकिडीत पोरगा धडपडतो, आपण हसतो आणि हसता हसता आपल्यालाही वाटतं, अरे, हे आपल्यालाही जमेल की! वर्गात मागच्या बाकावर दबून बसणाऱ्या मुलाला एवढा धीर दुसरं कोण देणार?

आणि भाषा! ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. एकीत माणसं धूमकेतूवर जाऊन पोहोचतात. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. जणू पोस्टकार्डावरचा पत्ताच! आजीच्या तोंडचा शब्द घेतला आणि फ्रेंच माणसाची अंतराळकथा थेट आपल्या ओसरीवर आणून बसवली.

पुढे दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना फेणे तिथूनच माहीत. उत्तम. पण पुस्तकातला 'ट्टॉक्' आपला आपल्यालाच काढावा लागतो, आणि प्रत्येकाचा वेगळा निघतो.

आता मुद्द्याचं. ऑफिसातलं पुस्तकांचं कपाट रद्दीत काढून तिथे पार्सलांसाठी रॅक करावा, असा विषय येत्या सभेत आहे. कारण काय, तर 'मुलं इंग्रजी शाळेत जातात, मराठी वाचत नाहीत.' खरंय, त्यांना जोडाक्षरं अडतात. पण मंडळी, मराठी कळत नाही असं नाही. घरी आईशी भांडतात ते मराठीतच ना? भा. रां.ची मराठी ही अशीच बोलती आहे. मुलांना वाचता येत नसेल तर आपण वाचून दाखवू. दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास, इथेच गच्चीवर. पहिले चार रविवार माझे. पाचव्यासाठी नाव कोण देतंय? आजोबा लोकांनी मागे बघू नये, तुम्हालाच विचारतोय!

रॅकला जिन्याखाली जागा आहे. या पुस्तकांना दुसरी जागा नाही. सभेत हात वर करताना एवढं लक्षात ठेवा.

आणि बालमित्रांनो, वडे खायच्या आधी एकदा सगळ्यांनी मोठ्यानं... ट्टॉक्!