'कोर्ट'मधलं नाटक आणि 'ओल्ड ओक'मधला पब
(कॉव्हेंट्री येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विचार करायला लावणारे चार सिनेमे सुचवा, असं मला सांगण्यात आलं आहे. इराण, कोरिया, पोलंड अशी दहा नावं मी सांगू शकतो. आपण ती लिहून घेऊ आणि कागद हरवेल. त्यापेक्षा मी जोड्या सुचवतो. एक सिनेमा तिकडचा, एक इकडचा. आणि इकडचा म्हणजे अगदी शेजारचा, कारण केन लोच १९३६ साली इथल्या ननीटनला जन्मला.

पहिली जोडी: चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) आणि लोचचा 'द ओल्ड ओक' (२०२३).

'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने शाहिराचं गाणं ऐकून आत्महत्या केली, असा खटला. त्यावरची चर्चा बहुधा कायद्याभोवतीच फिरते. मला मात्र सरकारी वकील नूतन जास्त महत्त्वाची वाटते. गीतांजली कुलकर्णींनी ती अशी केली आहे की तिचा राग येत नाही. ती लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, सुटीच्या दिवशी नवऱ्यामुलांसोबत नाटकाला जाते. नाटकातला मराठी बाप मुलीच्या परप्रांतीय मित्राला झाडतो आणि अख्खं प्रेक्षागृह हसतं, टाळ्या पिटतं. नूतनचं कुटुंबही. ताम्हाणे कुणावर बोट ठेवत नाही, कॅमेरा नुसता बसून राहतो.

आता बघा, या खोलीतला प्रत्येक जण कॉव्हेंट्रीतला 'भैय्या' आहे. हसणाऱ्यांच्या खुर्चीत बसून मोठे झालेले आपण आता दुसऱ्या खुर्चीत आहोत.

ती दुसरी खुर्ची 'ओल्ड ओक'मध्ये दिसते. डरहॅमकडचं, कोळशाची खाण बंद पडलेलं गाव. सीरियन कुटुंबांची बस येते आणि यारा या मुलीचा कॅमेरा पहिल्याच दिवशी फुटतो. पबमधल्या जुन्या गिऱ्हाइकांना लोच राक्षस करत नाही. घरं कवडीमोलाने विकली गेली, आमचं कुणी ऐकलं नाही, हे त्यांना पोटभर बोलू देतो. शेवट मला जरा गोड वाटतो, पण त्या पबमधली बोलणी खरी आहेत.

२०२४च्या ऑगस्टमध्ये टॅमवर्थला आश्रितांच्या हॉटेलवर जमाव चालून गेला. टॅमवर्थ इथून किती लांब, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या आठवड्यात आपल्याच घरांतून ऐकलेलं वाक्य असं होतं: 'आपण रीतसर आलो, ते वेगळे.' रस्त्यावरचा माणूस व्हिसाचा प्रकार विचारत नाही.

दुसरी जोडी थोडक्यात. लोचचा 'केस' (१९६९) आणि नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३). नावाचा केसांशी संबंध नाही, ते एका ससाण्याचं नाव आहे. दोन्हींत एक गरीब पोरगा आणि एक पक्षी. बिली ससाणा पाळतो, जब्या काळ्या चिमणीच्या मागे हिंडतो. बिलीचा वर्ग एकदा तरी त्याचं बोलणं शांतपणे ऐकतो. जब्याचे वर्गसोबती त्याला डुक्कर पकडताना पाहून हसतात. वर्ग आणि जात यांतला फरक समजायला एवढं पुरे.

आणि जात तिकडेच राहिली असं म्हणू नका. समानता कायद्यात जातीची तरतूद करायची, असं ब्रिटिश संसदेने २०१३ साली ठरवलं. २०१८ साली सरकारने ते मागे घेत असल्याचं जाहीर केलं. विरोधात इथल्या काही हिंदू संस्थाच पुढे होत्या. 'फँड्री' पाहून झाल्यावर यावर बोलायचं आहे, चहा तोपर्यंत थांबेल.

'कोर्ट' आणि 'ओल्ड ओक' दोन्ही दोन तासांच्या आत संपतात, एका रविवारी जमतील. आधी 'कोर्ट' लावा. 'केस'ला मात्र सबटायटल्स हवीतच. बार्न्सलीची बोली इथे वीस वर्षं काढलेल्यांनाही झेपत नाही.