क्रांतियुगाचा धडा आणि भोपाळ नगरी

हायस्कूलच्या इतिहासातील क्रांतियुगाचा भाग शिक्षकाला जितका मोलाचा वाटतो, तितकाच तो विद्यार्थ्याला कंटाळवाणा होतो. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. १७६९ साली वॉटने वाफेच्या इंजिनातील सुधारणेचे पेटंट मिळविले, १७८९ साली पॅरिसच्या जनतेने बॅस्तिलचा तुरुंग काबीज केला, अशी सनावळी फळ्यावरून वहीत उतरते आणि परीक्षेबरोबर संपते. ज्या घडामोडींनी जगाचे जीवन पालटले, त्यांचा आपल्या गावाशी काही संबंध आहे, हे मुलांच्या ध्यानातच येत नाही.

भोपाळच्या शिक्षकाला मात्र साधनांच्या अभावाची सबब सांगता येणार नाही. या धड्याची बहुतेक साधने त्याच्या नगरीच्या आसपासच पसरलेली आहेत.

प्रथम राजकीय क्रांती घ्यावी. भोपाळपासून सुमारे ४० किलोमीटरवर सीहोर आहे. १८५७ साली तेथील छावणीतील शिपायांनी बंड करून 'सिपाही बहादूर' या नावाचे सरकार उभारले. भोपाळच्या सिकंदर बेगम यांनी मात्र इंग्रजांची बाजू घेतली. बंड कशाला म्हणावे आणि क्रांती कशाला, हा प्रश्न पॅरिसच्या आधी सीहोरविषयी विचारला, तर वर्गातील मुले आपोआप बोलू लागतील. पुढे स्त्रियांच्या हक्कांचा विषय निघतोच. १७९१ साली फ्रान्समध्ये ओलँप द गूज हिने स्त्रीहक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १७९३ साली तिचा शिरच्छेद झाला. इकडे १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षे सोडल्यास, भोपाळचा कारभार चार बेगमांच्या हाती होता. मग अधिक पुढारलेले कोण? एक स्त्री गादीवर बसणे आणि सर्व स्त्रियांना हक्क मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याने स्वतः ओळखले, म्हणजे क्रांतीचा अर्थ त्याला उमगला असे समजावे.

औद्योगिक क्रांतीचे तर विचारावयासच नको. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स हा सरकारी कारखाना भोपाळसाठी स्थापन झाला, आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तांत्रिक साहाय्य एका ब्रिटिश कंपनीचे होते. ज्या इंग्लंडच्या गिरण्यांनी एके काळी येथील विणकरांचा धंदा बसविला, त्याच देशाकडून विजेची अवजड यंत्रे घडविण्याची विद्या स्वतंत्र भारताने घेतली. पिपलानी आणि बरखेडा येथे कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. देशाच्या नाना प्रांतांतून, त्यांत मराठी मुलुखातूनही, कुटुंबे येऊन वसली. गाव सोडून कारखान्याकडे जाणारा मँचेस्टरचा मजूर समजून घ्यावयाचा, तर विद्यार्थ्याने आपल्या आजोबांनाच चार प्रश्न विचारावेत.

परंतु धडा येथे थांबविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. लाखोंच्या शरीराला इजा झाली. टाकी थंड राखणारी यंत्रणा तेव्हा बंद ठेवलेली होती. वायू जाळून टाकणारा मनोराही बंद होता. सुरक्षेची साधने होती, पण ती कामात नव्हती.

हे सांगताना शिक्षकाने १८३३ सालच्या इंग्लंडकडे वळावे. त्याआधी १८०२ आणि १८१९ साली तेथे कारखान्यांतील मुलांसाठी कायदे झाले होते. पण स्वतंत्र तपासनीस नसल्यामुळे ते कागदावरच राहिले. १८३३ च्या कायद्याने चार तपासनीस नेमले, तेव्हा कुठे अंमलबजावणीस आरंभ झाला. हिंदुस्थानात १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, आणि १८९० साली रविवारची सुटी मिळाली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला व १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक उद्योगांविषयी नवी कलमे घातली गेली. या सनावळीत एक सूत्र आहे: यंत्र आधी येते, नियम मागून येतो, आणि मधल्या काळाची किंमत दुबळी माणसे मोजतात. हे सूत्र ज्याला गवसले, त्याला सन पाठ करावे लागत नाहीत. ते स्मरणात राहतात.

हा धडा शिकविणे सोपे नाही. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी त्या रात्रीची आठवण खोकल्याच्या रूपाने अद्याप नांदत असेल. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाचे घर कारखान्याच्या पगारावर उभे राहिले असेल. पहिल्यासमोर यंत्रयुगाचे नुसते गुणगान करणे क्रूरपणाचे होईल, आणि दुसऱ्यासमोर त्याची नुसती निंदा करणे खोटेपणाचे. दोघांनाही एकाच बाकावर बसवून, दोघांचेही खरे मानून, हा हिशेब मांडावयास शिकविणे हे इतिहासशिक्षकाचे कर्तव्य आहे. उद्या नव्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून 'तपासनीस कोण?' असा प्रश्न यांतीलच कोणी विचारला, तर क्रांतियुगाचा धडा सार्थकी लागला असे म्हणता येईल.